ऑनलाइन सभेत आमचं मत कुणी मोजलं? आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीला खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह, कोषाध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात झालेल्या ऑनलाइन वार्षिक सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त तुम्ही परवा ग्रुपवर टाकलंत. त्यात 'आयत्या वेळचे विषय' या मथळ्याखाली दोन ठराव आहेत. संध्याकाळचं वाचनालय बंद करून वाचनकक्ष एका खासगी क्लासला भाड्याने द्यायचा, हा एक. यापुढच्या सगळ्या सर्वसाधारण सभा ऑनलाइनच घ्यायच्या, हा दुसरा. दोन्हींपुढे 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आहे.

मी त्या सभेत होते. माझा विरोध होता आणि तो नोंदवण्यासाठी मी माइकचं बटण दाबत होते. माझ्यासारखे आणखी किती जण दाबत होते हे कुणालाच कळलं नाही, कारण ते कळण्याची सोयच तुम्ही ठेवली नव्हती.

आपल्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं. ई-मेलला उत्तर आलं नाही. फोन केला तर तुमच्यापैकी एका ज्येष्ठांनी अगदी प्रेमानं समजावलं, "अहो ताई, ऑनलाइन म्हटलं की एवढंतेवढं चालायचंच." हे पत्र सगळ्यांसमोर लिहावं असं त्या वाक्यानं ठरवलं.

माझा संबंध काय, तेही सांगते. मी आजीव सभासद आहे. सासूबाई माझ्या कितीतरी आधीपासून सभासद आहेत. बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या वाड्यात राहत होतो तेव्हा दर शनिवारी पुस्तक बदलायला जाणं हा आमच्या घरचा नेम होता. शहराच्या कारेलीबाग भागात आल्यावर तो शनिवारचा रविवार झाला, एवढंच. माझी मुलगी सध्या स्पर्धा परीक्षेची तयारी त्याच वाचनकक्षात बसून करते. तिच्यासोबत बसणारी निम्मी मुलं गुजराती घरांतली आहेत आणि जाता-येता दिवाळी अंक चाळून तीही मराठी वाचायला शिकली आहेत. दुसरं म्हणजे, मी एका कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागात काम करते. संचालकांच्या बैठका लावणं, त्यांची विषयपत्रिका काढणं, इतिवृत्त लिहिणं ही माझी रोजची भाकरी आहे. त्यातल्या बऱ्याच बैठका ऑनलाइन असतात. त्यामुळे ऑनलाइन म्हटलं की काय चालतं आणि काय चालत नाही, याबद्दल दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असं मी समजते.

एक गैरसमज आधीच दूर करते. मी ऑनलाइन सभेच्या विरोधात नाही. आपल्या सभागृहाचा जिना चढणं ज्यांना जमत नाही, जे मुलांकडे पुण्याला किंवा न्यू जर्सीला गेले आहेत, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे, त्या सगळ्यांना संस्थेत पुन्हा जागा देणारी ही सोय आहे. वाचनकक्ष भाड्याने देण्यालासुद्धा माझा आंधळा विरोध नाही. विजेचं बिल, गळकं छप्पर, ग्रंथपालांचा तुटपुंजा पगार हे सगळं मला दिसतं. जमाखर्च नीट समोर मांडला असता तर काही तडजोड मीही मान्य केली असती. पण तो मांडलाच गेला नाही. का मांडला गेला नाही, ते क्रमानं सांगते.

सभा रविवारी अकराला. लिंक ग्रुपवर आली अकराला वीस मिनिटं कमी असताना. विषयपत्रिका आलीच नाही. जे ग्रुपवर नाहीत त्यांना सभा आहे हेच माहीत नव्हतं. शहरातल्या वाडी आणि प्रतापनगर या भागांतल्या दोन-तीन जुन्या सभासदांकडे साधे बटणांचे फोन आहेत. त्यांना सभा होऊन गेल्याचं माझ्याकडून कळलं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून या संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं, पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. त्याच महाराजांच्या शहरात वाचनालय बंद करण्याच्या सभेची नोटीस वाडीपर्यंत पोचू नये, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

सभा फुकटच्या खात्यावर होती. झूमच्या फुकट खात्यावर चाळीस मिनिटांनी सभा आपोआप बंद पडते आणि शंभरपेक्षा जास्त लोकांना आत येता येत नाही. गूगल मीटवर साठ मिनिटं मिळतात, शंभराची मर्यादा तिथेही आहेच. आपली सभासदसंख्या तीनशेच्या वर आहे. म्हणजे सगळे सभासद यायचे म्हणाले असते तरी दोनशे जणांना दारातूनच परत जावं लागलं असतं. वर्षातून एकदा होणाऱ्या सभेसाठी महिनाभराचं खातं पैसे भरून घेता येतं आणि महिना संपला की बंद करता येतं. गणपतीच्या मांडवावर आपण काय खर्च करतो ते मी इथे लिहीत नाही.

आता त्या चाळीस मिनिटांचं काय झालं? पहिली दहा-बारा मिनिटं "ऐकू येतंय का?", "तुमचा आवाज येत नाहीये", "काका, व्हिडिओ उलटा आहे" यात गेली. मग एका घरातून शिट्टीसारखा कर्कश आवाज सुरू झाला. नवरा-बायको एकाच खोलीत दोन वेगवेगळ्या फोनवरून बसले होते. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरत होता आणि फिरून परत येत होता. अशा वेळी एका फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करायचे असतात. हे सांगणारं कुणी नव्हतं, कारण कार्यवाह स्वतःच होस्ट (म्हणजे ऑनलाइन सभेची सूत्रं हातात असलेले), स्वतःच अहवालवाचक आणि स्वतःच टिपणं घेणारे होते. वैतागून त्यांनी सगळ्यांनाच म्यूट केलं. मी त्यांना दोष देत नाही. एका माणसानं एका फोनवरून तीन कामं करायची म्हटल्यावर आणखी काय होणार!

मग वार्षिक अहवाल. तो तुम्ही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलात. हळदीकुंकू, कोजागरी, गणेशोत्सव, दिवंगत सभासद, देणगीदारांची नावं. जे घरी बसून वाचता येतं ते सभेत वाचून दाखवणं म्हणजे सगळ्यांचा वेळ खर्च करणं. चार दिवस आधी मोठ्या अक्षरांतलं पीडीएफ पाठवलं असतं, ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्या घरी छापील प्रत गेली असती, तर सभेत 'कुणाला काही विचारायचं आहे का' एवढंच विचारून पुढे जाता आलं असतं. अहवाल संपला, कोषाध्यक्ष बोलायला लागले, पडद्यावर त्यांचा एक्सेलचा तक्ता आला. फोनच्या पडद्यावर ते आकडे मुंग्यांसारखे दिसत होते. 'एकूण जमा' एवढे शब्द झाले आणि चाळीस मिनिटं संपली. सभा गायब.

दुसरी लिंक पाच-सात मिनिटांनी आली. ती बघून सगळे परत आले असतील असं तुम्ही गृहीत धरलंत. पहिल्या लिंकवर नव्वदीच्या आसपास चौकोन होते. दुसऱ्या लिंकवर त्यांच्या निम्मेही नव्हते. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे, हवा असेल त्याला दाखवीन. कुणी 'सभा संपली' म्हणून स्वयंपाकाला लागलं, कुणाला नवी लिंक ग्रुपमधल्या शुभेच्छांच्या पावसात दिसलीच नाही. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, पुन्हा मोजली गेली नाही. प्रत्यक्ष सभेत निम्मे लोक उठून गेले तर अध्यक्षांना ते डोळ्यांना दिसतं. इथे कुणी आवर्जून बघितलं तरच दिसतं, आणि बघणारं कुणी नेमलेलं नव्हतं.

आणि या दुसऱ्या लिंकवर, जमाखर्च तसाच अर्धवट सोडून, 'आयत्या वेळचे विषय' निघाले.

या भागाबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे. माझ्या दृष्टीनं सगळी गोष्ट इथेच आहे.

ठराव वाचला गेला. त्याचा सूचक कोण, अनुमोदक कोण, भाडं किती, करार किती वर्षांचा, पुस्तकं कुठे जाणार, काहीही सांगितलं नाही. सगळ्यांचे माइक बंद. सभासदांनी स्वतःहून माइक उघडू नये अशी सेटिंग होती, त्यामुळे बटण दाबलं की 'होस्टनं परवानगी दिलेली नाही' असा संदेश यायचा. चॅट बंद होतं. सासूबाई माझ्या शेजारी बसून त्यांच्या फोनवर बघत होत्या. त्यांनी त्या लाल रेघेच्या माइकवर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं आणि मला म्हणाल्या, "बिघडलाय का गं माझा फोन?" मी हात वर केल्याची खूण दाबली. ती होस्टला सहभागींच्या यादीत दिसते, पण तिकडे लक्ष असेल तर. कार्यवाहांच्या फोनवर तेव्हा ठरावाचा कागद होता.

"कुणाचा विरोध नाही ना?" असं विचारलं गेलं. तीन-चार सेकंद शांतता. ज्यांचे माइक बंद आहेत त्यांच्याकडून दुसरं काय येणार? मग चार-पाच जणांनी अंगठ्याची चित्रं दाखवली. ती काही सेकंदांत आपोआप विरून जातात, त्यांची कुठे नोंद होत नाही. कुणी तरी हसत म्हणालं, "चालो, पतावी दो!" म्हणजे उरकून टाका. आणि उरकलंसुद्धा. पुढच्या मिनिटाला दुसरा ठरावही मंजूर झाला आणि पसायदानाची रेकॉर्ड लागली.

संस्थेची घटना, म्हणजे नियमावली, माझ्याजवळ आहे. आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीनं घेता येतात, हे खरं. पण ते किरकोळ विषयांसाठी असतं. एखाद्याचा सत्कार, एखादी दुरुस्ती. संस्थेची मालमत्ता भाड्याने देणं हा विषय आयत्या वेळी कसा उद्भवतो? क्लासवाल्यांशी बोलणी काय त्याच सकाळी झाली? सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून आपली नोंदणी आहे. धर्मादाय आयुक्तांकडे उद्या कुणी या ठरावाविरुद्ध गेलं तर पुरावा म्हणून तुम्ही काय ठेवणार? विरून गेलेले अंगठे?

कंपन्यांचे नियम आपल्यासारख्या संस्थेला लागू नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ते का केले गेले ते पाहा. संचालकांच्या व्हिडिओ बैठकीसाठी २०१४ पासून नियम आहेत. सुरुवातीला हजेरी होते. प्रत्येकानं आपलं नाव सांगायचं, आपण कुठून बोलतो आहोत ते सांगायचं, विषयपत्रिका आणि कागद मिळाल्याचं सांगायचं, आणि खोलीत दुसरं कुणी ऐकत नाही याची खात्री द्यायची. बोलण्याआधी पुन्हा नाव सांगायचं, म्हणजे नोंदीत घोटाळा होत नाही. इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत सगळ्यांकडे जातो आणि सात दिवसांत त्यावर हरकत घेता येते. कोविडच्या काळात, २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, भागधारकांच्या सभांसाठी सरकारनं परिपत्रकं काढली. त्यात सभेच्या वेळेआधी निदान पंधरा मिनिटं लिंक सुरू ठेवायला सांगितलं होतं. ठरलेल्या वेळेनंतरही पंधरा मिनिटं दार बंद करायचं नाही. भागधारकांना प्रश्न सभेत विचारता आले पाहिजेत किंवा आधी पाठवता आले पाहिजेत. सभेचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. हे सगळं कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्या लोकांसाठी होतं, आणि तरीही 'ऑनलाइन म्हटलं की एवढंतेवढं चालायचंच' असं कुणी म्हणालं नाही.

याच्यासाठी इंजिनिअर लागत नाही. आमच्या ऑफिसात ज्या मुलीनं हे सगळं सांभाळलं ती बी.कॉम. होऊन नुकतीच लागली होती.

म्हणून माझ्या मागण्या मांडते.

वाचनकक्षाच्या ठरावाची अंमलबजावणी ताबडतोब थांबवा. क्लासशी करार झाला नसेल तर करू नका. झाला असेल तर तो सभासदांना दाखवा. या एकाच विषयासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. घटनेत आहे तेवढ्या मुदतीची नोटीस प्रत्येक सभासदाला द्या. ज्यांच्याकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांच्या घरी कागद पोचवा. मुलं मोकळी असतील तर सायकलवरून वाटतील. माझी मुलगी पहिली तयार आहे. नोटिशीबरोबर भाड्याचा प्रस्ताव आणि गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च हवा, फोनवर वाचता येईल अशा अक्षरांत.

दुसरा ठराव, सभा फक्त ऑनलाइन घेण्याचा, मागे घ्या. सभा सभागृहातही व्हावी आणि ऑनलाइनही. ज्याला जसं जमेल तसं त्यानं यावं. यात एक खोच आहे, ती आधीच सांगून ठेवते. सभागृहात लॅपटॉप टेबलावर ठेवून दिला की घरी बसलेल्यांना फक्त पहिल्या रांगेतल्यांचं खोकणं ऐकू येतं. म्हणून सभागृहात बोलणाऱ्यानं माइकपाशी येऊन बोलायचं, आणि तेवढं करूनही अध्यक्षांनी प्रश्न एकदा उच्चारायचा. सभागृहात ऑनलाइन जोडलेलं यंत्र एकच असावं. बाकीच्यांनी तिथे बसून फोनवर लिंक उघडली तर पुन्हा तीच शिट्टी.

सभेची कामं तीन माणसांत वाटा. अध्यक्षांनी सभा चालवावी, तांत्रिक बाजू दुसऱ्यानं बघावी, टिपणं तिसऱ्यानं घ्यावीत. तांत्रिक माणसाकडे सहभागींची यादी सतत उघडी असावी आणि ज्या क्रमानं हात वर झाले त्या क्रमानं त्यानं नावं पुकारावीत. त्याला जोडीला दुसरा सहहोस्ट हवा, म्हणजे एकाचं नेट गेलं तरी सभा पडणार नाही. आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास चाचणीची लिंक सुरू ठेवा. ज्या आजी-आजोबांना माइक सापडत नाही त्यांनी त्या अर्ध्या तासात विचारून घ्यावं. नेट कमकुवत असेल तर व्हिडिओ बंद करून नुसता आवाज ठेवायचा, हेही तिथेच सांगता येईल. दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं वाचतात.

विषयपत्रिकेत प्रत्येक विषयापुढे किती मिनिटं ते लिहा, आणि तो नुसता माहितीचा आहे की त्यावर निर्णय घ्यायचा आहे तेही लिहा. निर्णयाचे विषय सुरुवातीला घ्या, लोक ताजे असताना. अहवालवाचन शेवटी ढकला, किंवा वाचूच नका. दीड तासाच्या वर सभा नको. सासूबाई म्हणतात एक तास, पण त्यांना भाजणी दळायला टाकायची असते.

मतदान मोजून करा. खात्यातली मतदानाची सोय वापरता येईल, पण तिच्यात एक अडचण आहे. आपल्याकडे बऱ्याच घरांत नवरा-बायको दोघेही सभासद असतात आणि दोघे एकाच फोनसमोर बसतात. यंत्र त्यांचं एकच मत धरणार. म्हणून मालमत्ता, भाडं, घटनादुरुस्ती अशा विषयांवर नाव पुकारून मत घ्या. वेळ लागेल, लागू दे. सभागृहातले हात वेगळे मोजा आणि बेरीज तिथल्या तिथे जाहीर करा. मतदानाच्या आधी माइक उघडे करा किंवा ज्यांचे हात वर आहेत त्यांना एकेक करून बोलू द्या. चॅट बंद ठेवू नका. आणि ज्यांना बोलायचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी प्रश्न आधी पाठवायला एक फोन नंबर द्या, ते प्रश्न नावासकट वाचून उत्तरं द्या.

सभा तुटून नव्या लिंकवर गेली तर हजेरी पुन्हा घ्या. गणपूर्ती नसेल तर ठराव घेऊ नका.

सभेचं रेकॉर्डिंग करणार असाल तर सुरुवातीलाच तसं सांगा आणि इतिवृत्त मंजूर होईपर्यंत ते जपून ठेवा. इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत सगळ्यांकडे यावा. गेल्या सभेच्या इतिवृत्तात माझा विरोध नोंदवला जावा, अशी मागणी मी या पत्राद्वारे करते. ज्या सभासदांना त्या दिवशी बोलायचं होतं आणि बोलता आलं नाही त्यांनीही तसं लेखी कळवावं. कार्यालय संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं, निदान सध्या तरी.

पंधरा दिवसांत उत्तराची वाट बघते. तोपर्यंत काही समविचारी सभासद आणि मी विशेष सभेच्या मागणीवर सह्या गोळा करत आहोत. घटनेप्रमाणे लागणाऱ्या सह्या झाल्या की अर्ज कार्यालयात आणून देऊ आणि पोच घेऊ. त्या सभेच्या तांत्रिक कामासाठी माणूस मिळत नसेल तर मी येईन, आमच्या ऑफिसातल्या त्या मुलीलाही विचारून ठेवलं आहे. फक्त मी ठराव मांडणार आणि लिंकही सांभाळणार, असं एकाच सभेत होऊ नये. ते काम त्या दिवशी तिच्याकडे असावं.

कळावे,

आपली,
एक आजीव सभासद
कारेलीबाग, वडोदरा